चाचांनी निवडलेलं नोटपॅड

एका माणसाला मी तोंडावर म्हणाले होते, "तुम्हाला हे जमायचं नाही." वीसेक वर्षं झाली असतील, पण आठवलं की अजूनही स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते. माझा स्वभाव तापट आहे, तो तेव्हा जास्तच होता. दौंडला स्टेशनपासून चार पावलांवर माझा कॉम्प्युटर क्लास होता. दोन खोल्या, सहा संगणक, बाहेर रंगवलेली पाटी. तालुक्यात बाईचा असा क्लास दुसरा नव्हता. त्यामुळे आपल्याला सगळं कळतं असं मला वाटायचं.

एक दिवस क्लासात शिरूरचे एक गृहस्थ आले. धोतर, टोपी, काखेत छत्री. शिरूरला त्यांचं जुनं साप्ताहिक होतं. मालक, संपादक, वार्ताहर सगळं हेच. गाव त्यांना आप्पा म्हणायचं, म्हणून मीही म्हणू लागले.

"बाई, आमच्या अंकाची वेबसाइट करायची," आप्पा म्हणाले. "आमच्याकडची पोरं पार दुबईला, अमेरिकेला गेलीत. त्यांचा अंक पोष्टानं जातो, तवर गावातलं लग्न हून बारसं बी झालेलं असतंय."

मी लगेच हो म्हटलं. वेबसाइट बनवणं अवघड नव्हतं, पण रोज तिच्यात मजकूर कोण भरणार? आप्पा म्हणाले, "माणूस हाय माझ्याकडं. तुम्ही त्याला शिकवा. एक तारखेपर्यंत जमलं तर ठेवीन, न्हाई जमलं तर पुण्याच्या कंपनीला काम देऊन टाकीन. भाच्यानं कंपनी बघून ठेवलीच हाय."

तो माणूस म्हणजे चाचा.

आठवड्यातून तीन दिवस मी सकाळच्या एसटीनं शिरूरला जायला लागले. पाटस, वरवंड, चौफुला, न्हावरा. साखर कारखान्याचा हंगाम चालू होता, उसाच्या ट्रेलरमागं गाडी अडकली की ड्रायव्हर शिव्या घालायचा आणि मी मनातल्या मनात त्याला साथ द्यायचे.

चाचा पंचावन्नच्या पुढचे. पांढरी दाढी, स्वच्छ धुतलेला सदरा, बोटांच्या पेरांत कधीच न निघणारा काळपटपणा. आप्पांच्या छापखान्यात त्यांनी तीस वर्षं शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवले होते. मराठी अंक, लग्नपत्रिका, उर्साची पत्रकं, जयंतीची पत्रकं, सगळं त्यांच्या हातून गेलेलं. मग अंक पुण्याला ऑफसेटवर छापून यायला लागला आणि छापखाना बंद पडला. तीन वर्षं चाचा पुतण्याच्या सायकलच्या दुकानात बसून होते. बसून म्हणजे खरंच नुसते बसून. शेवटी चाचींनी आपल्या भावाकरवी एमआयडीसीतल्या एका कंपनीत वॉचमनची जागा बघितली. एक तारखेला रुजू व्हायचं होतं, गणवेशही शिवून आला होता.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं, "बाई, गेटावर हुबं राहायची मला लाज न्हाई. पन ह्या हातांना अक्षर म्हाईत हाय. दुसरं काय म्हाईत न्हाई. येवढं एक बघा."

मी म्हटलं, "काळजी करू नका, चाचा. आठ दिवसांत शिकवते."

शिकवते कसली! मी त्यांच्या पुढ्यात त्या काळातलं सगळ्यात मोठं सॉफ्टवेअर मांडलं. मला त्याचा फार अभिमान होता. वर बटणांच्या तीन रांगा, बाजूला रंगांची पेटी. लिहाल तसंच वेबसाइटवर दिसणार, कोड बघायचीसुद्धा गरज नाही. टायपिंग चाचांनी आठवड्यात उचललं. कळफलकावर कुठलं अक्षर कुठं आहे याचा नकाशा त्यांनी पुठ्ठ्यावर काढला आणि दोन दिवस नुसता तो बोटांनी चाचपला. पण ते सॉफ्टवेअर काही त्यांच्या पचनी पडेना. मथळा मध्ये घ्यायला जावं तर सगळा मजकूर मध्ये. एक ओळ ठळक केली की खालचं अख्खं पान ठळक.

"बाई, ही ओळ खाली का गेली?"

"आपोआप जाते."

"आन् ही जागा कशी सुटली?"

"चाचा, आपोआप सुटते. ते सॉफ्टवेअर बघतं."

"आपोआप म्हंजी कोन करतंय?"

मलाही माहीत नव्हतं. दहाव्या दिवशी त्यांनी एका निधनवार्तेची चौकट करायला घेतली आणि ती चौकट पानभर पसरत गेली. चाचा पुसायला गेले तर मजकूर गेला आणि चौकट राहिली. त्यांनी पुन्हा विचारलं, "पन बाई, का?" तेव्हा माझा पारा चढला. "चाचा, तुम्हाला हे जमायचं नाही," मी म्हणाले. तेही मोठ्यानं, शेजारच्या खोलीत आप्पा असताना.

संगणक बंद कसा करायचा तेवढं चाचांना चांगलं यायचं, तो त्यांनी नीट बंद केला. परतीच्या एसटीत न्हावऱ्यापर्यंत मी मनात स्वतःची बाजू मांडत होते, चौफुल्याला पोचले तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

पुढच्या खेपेला मी आप्पांना सांगून टाकायचं ठरवून गेले, की काम पुण्याला द्या. चाचा दारातच उभे होते. "बाई, धा मिन्टं हिकडं या," म्हणाले आणि मला मागच्या खोलीत घेऊन गेले. तिथं जुना छापखाना धूळ खात पडला होता. आप्पांनी भंगारात घालतो घालतो म्हणून अजून घातला नव्हता. लाकडी केसमध्ये खणाखणांत शिशाचे खिळे. चाचांनी हातात स्टिक घेतली. लोखंडाची छोटी पट्टी असते, तिच्यात खिळे जुळवतात. बघता बघता त्यांनी तीन ओळी उभ्या केल्या.

"आता बघा. ह्ये अक्षराचं खिळं, ह्ये छापत्यात. पन ह्या दोन शब्दांच्या मधी काय हाय? हितं बी शिसंच हाय. खुजं हाय, म्हनून कागदाला लागत न्हाई. आन् ह्या दोन ओळींच्या मधी ही पट्टी, हिला लेड म्हन्त्यात. ही बी छापत न्हाई. पन ही काढली की समदं गडगडलं. बाई, पानात जेवढं दिसतं तेवढंच न दिसनारं असतंय, आन् त्ये मी माझ्या हातानं बसवलेलं असतंय. तुमच्या त्या मशिनीत न दिसनारं कुठं हाय? त्ये मला दावा. मग बघू जमतंय का न्हाई."

मी संगणकावर जाऊन तीच निधनवार्ता, मजकूर पुसायच्या आधी साठवलेली, नोटपॅडमध्ये उघडली. नोटपॅड म्हणजे पांढरी कोरी चौकट, ना रंग ना बटणं. विंडोजबरोबर फुकट येतं, आमच्या क्लासात त्यात फक्त पहिल्या दिवशीची पोरं आपलं नाव टाइप करायची. तिथं सगळं उघडं दिसलं. मजकूर, आणि त्याच्या आगंमागं टोकदार कंसांतल्या खुणा. त्या सॉफ्टवेअरनं चार ओळींच्या बातमीसाठी दोन पानं भरून खुणा घातल्या होत्या, निम्म्या बिनकामाच्या.

"ही खूण परिच्छेद सुरू करते," मी दाखवलं. "आणि हीच तिरकी रेघ घालून लिहिली की परिच्छेद संपतो. ही मथळ्याची. ही ठळक अक्षराची. यातलं काहीच वाचणाऱ्याला दिसत नाही."

चाचांना इंग्रजी वाचता यायचं नाही, पण इंग्रजी पत्रिका जुळवल्यामुळे अक्षरं ओळखीची होती. ते पडद्याजवळ वाकले आणि खूण न् खूण बोटानं मोजायला लागले. "हितं उघडली... हितं बंद. हितं उघडली... हितं..." आणि थांबले. "बाई, ही बंद कुठं केलीय?"

मी बघितलं. चौकटीची खूण बंदच झाली नव्हती. म्हणून चौकट पसरत होती! दहा दिवस मी ज्याला 'आपोआप' म्हणत होते त्याचं कारण या माणसानं दहा मिनिटांत शोधलं होतं. त्यांनी स्वतःच्या हातानं ती खूण घातली, पान पुन्हा उघडलं, आणि चौकट शहाण्यासारखी चार ओळींभोवती बसली.

"हां," चाचा म्हणाले. "आता 'आपोआप' गेलं."

मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या बाई. आमचा फोरमन तर पट्टी फेकून मारायचा."

तर असं आमचं नोटपॅड ठरलं. दौंडला क्लासातल्या मुलींनी माझी टिंगल केली, "बाई, आम्हाला एवढालं सॉफ्टवेअर शिकवता आणि स्वतः नोटपॅड वापरता व्हय?" आप्पांचा पुण्याचा भाचा एकदा येऊन बघून गेला आणि खो खो हसला. त्याला हसू दे म्हटलं. मी पाच-सहा खुणांचा एक कागद करून भिंतीला लावला, चाचांनी आठवड्यात तो काढून टाकला. फाइल साठवताना मराठीसाठी एक पर्याय दर वेळी निवडावा लागायचा, नाहीतर सगळ्या अक्षरांची प्रश्नचिन्हं व्हायची. माझ्याकडून दोनदा झाली. चाचांकडून एकदाही नाही.

मग जे काम सुरू झालं ते बघत राहावं असं. प्रत्येक गावाला एक पान द्यायचं ठरलं. वरवंडच्या पानावर बाजारच्या बातम्या, पाटसच्या पानावर कारखान्याच्या, वढू बुद्रुकच्या पानावर समाधीला येणाऱ्यांसाठी एसटीच्या वेळा. चाचा पान तयार करायचे, प्रिंटरवर त्याचं प्रूफ काढायचे, लाल शाईनं चुका लावायचे, दुरुस्त करायचे, पुन्हा प्रूफ काढायचे. दुसऱ्या प्रूफात चूक नसली की ते तारेला टोचायचे आणि मग पान इंटरनेटवर चढवायचे. इंटरनेट फोनच्या तारेवरूनच चालायचं, त्यामुळे पान चढवताना ऑफिसचा फोन बंद पडायचा आणि आप्पा करवादायचे, "संपली का तुमची भानगड? मला आमदाराला फोन लावायचाय!" बावीस-तेवीस तारखेपर्यंत पन्नासच्या वर पानं झाली. आप्पांनी एक तारखेच्या आदल्या रविवारी गावातल्या चार मोठ्या माणसांना बोलावून वेबसाइट दाखवायचं ठरवलं. ते मला म्हणाले, "बाई, तुमचा चाचा निघाला की वो खमक्या!" मी फुशारले.

बुधवारी मी दौंडहून चाचांना फोन केला. "आजपर्यंत एकेक पान चढवलंत, आता रविवारच्या आधी अख्खं फोल्डर एकदाच चढवून टाका. म्हणजे काही राहायला नको."

गुरुवारी सकाळी मी शिरूरला पोचले, वेबसाइट उघडली. वरवंड, पांढरं. पाटस, पांढरं. वढू, पांढरं. सगळीच्या सगळी पानं कोरी. मी संगणकावरच्या फाइली उघडल्या. नावं सगळी जागच्या जागी, आणि आत एक अक्षर नाही.

"चाचा, हे काय झालं?"

"काय झालं?" त्यांनी शांतपणे बघितलं. "मॅटर सोडलंय."

"सोडलंय म्हणजे?"

त्यांनी सांगितलं आणि मला हसावं का रडावं कळेना. छापखान्यात पान छापून झालं की जुळवलेले खिळे मोकळे करून, पुसून, परत ज्याच्या त्याच्या खणात टाकायचे असतात. त्याला मॅटर सोडणं म्हणतात. छापून झालेलं मॅटर तसंच उभं ठेवतो तो कंपोझिटर, म्हणजे खिळे जुळवणारा, आळशी. तीस वर्षांची सवय. पान इंटरनेटवर चढलं म्हणजे छापलं गेलं. मग चाचा रोज सकाळी आदल्या दिवशीची फाइल उघडायचे, आतला मजकूर पुसायचे आणि रिकामी फाइल जपून ठेवायचे. फाइल का नाही काढली? तर म्हणे, "फाइल म्हंजी खण. खण कोन फेकतं?" आणि बुधवारी माझ्या सांगण्यावरून त्यांनी ते सगळे रिकामे खण वेबसाइटवरच्या भरल्या पानांवर चढवले होते.

"अहो, पण पुसायला कुणी सांगितलं तुम्हाला?" मी ओरडलेच.

"तुम्हीच न्हाई का म्हनला पहिल्या आठवड्यात? ह्याच्यात जागा कमी हाय, झालेलं फालतू काय ठिवू नगा."

खरं होतं. मी म्हणाले होते. त्या जुन्या संगणकात जागा नव्हतीच. वेबसाइट ज्याच्याकडं ठेवली होती त्या पुण्याच्या सर्व्हरवाल्याला फोन केला तर त्याच्याकडं जुनी प्रत नव्हती.

तेवढ्यात आप्पा आले. पडद्यावरचा पांढरा शुकशुकाट बघून त्यांचा चेहराच उतरला. मग भडकले. "मी चार मान्सांना सांगून बसलोय! भाचा म्हनत हुता ते खोटं न्हाई. खिळं जुळवनाऱ्याच्या हातात ह्ये द्यायचं म्हंजी—"

चाचा मान खाली घालून उभे. 'बाईंनी सांगितलं' एवढंच म्हणाले असते तरी सुटले असते, पण म्हणाले नाहीत. आणि मी कबूल केलं पाहिजे, की एक क्षण मीही गप्प राहिले. माझा क्लास होता, माझं नाव होतं. पण त्या गप्प बसण्याची मला लगेच इतकी लाज वाटली की मी जवळजवळ किंचाळले, "आप्पा, चूक माझी आहे! काही ठेवू नका असं मी सांगितलं आणि सगळं चढवा असंही मीच सांगितलं. त्यांनी सांगितलं तेच केलं."

आप्पा माझ्याकडं बघत राहिले. "मग आता?"

"रविवारी सकाळी पानं असतील," चाचा म्हणाले. तारेला टोचलेली प्रूफं त्यांनी केव्हाच हातात घेतली होती.

गुरुवार, शुक्रवार, शनिवार. भारनियमनात दिवसातून सहा तास वीज जायची. वीज असेल तेवढे तास चाचा संगणकासमोर, वीज गेली की आम्ही पुढच्या पानांची प्रूफं लावून ठेवायचो. शुक्रवारी नमाजाला गेले तेवढाच त्यांना खंड. मी मदतीला टाइप करते म्हटलं आणि दोन पानं केली. त्यांनी प्रूफ काढून माझ्या नऊ चुका लावल्या. "बाई, तुम्ही चहा सांगा," म्हणाले. त्यांची बोटं अशी चालत होती की मी घड्याळ लावून बघायचा नाद सोडून दिला. आणि प्रत्येक पान झालं की ते माझ्याकडं बघून म्हणायचे, "ह्ये सोडायचं न्हाई. हुबं ठिवायचं. बरूबर?"

शनिवारी दुपारी चाची डबा घेऊन आल्या. ऑफिसात त्या कधीच यायच्या नाहीत. डबा ठेवून स्टुलावर बसल्या आणि नवऱ्याकडं बघत राहिल्या. चाचांना त्या आल्याचं कळलंही नव्हतं. थोड्या वेळानं चाचींनी मला बाहेर बोलावलं.

"बाई, खरं सांगा. माझ्या भावानं कंपनीत शब्द टाकलाय. सोमवारी, एक तारखेला, हे गेले न्हाईत तर ती जागा दुसऱ्याला जाईल, परत मिळनार न्हाई. न्हाई म्हनायचं तर आजच म्हनलं पायजे. हितलं पक्कं हाय का?"

"पक्कं नाही, चाची," मी म्हटलं. खोटं बोलवेना. "आप्पा उद्या ठरवणार. पण काम त्यांना येतं. मला येतं त्याच्यापेक्षा चांगलं येतं."

त्यांनी दारातून आत एकदा बघितलं. "तीन वर्सात ह्यांना असं बसलेलं बघितलं न्हाई मी," म्हणाल्या. "जाते. भावाला सांगते, दुसरा मानूस बघ." आणि पदर सावरून चालायला लागल्या. मी आत येऊन चाचांना काही सांगितलं नाही.

रविवारी सकाळी चार पाहुणे आले, पुण्याचा भाचाही आला. वरवंड उघडलं, होतं. पाटस उघडलं, होतं. वढूच्या पानावर एसटीच्या वेळा ओळीनं उभ्या. भाचा मुद्दाम कुठलीकुठली पानं उघडून बघत होता, आणि एकेक पान असं झरझर उघडत होतं की शेवटी त्यानंच विचारलं, "खरंच नोटपॅडमध्ये केलीत इतकी हलकी पानं?" आप्पांचं त्याच्याकडं लक्ष नव्हतं. ते चाचांच्या त्या काळपट बोटांकडं बघत होते. मग सगळ्यांसमोर टेबलाशी बसले, साप्ताहिकाचा छापील कागद ओढला आणि नेमणुकीचं पत्र लिहायला घेतलं. माझा जीव भांड्यात पडला.

लिहिता लिहिता आप्पा थांबले. "हुद्दा काय टाकू? ऑपरेटर टाकू का?"

चाचा हळू आवाजात म्हणाले, "कंपोझिटर टाका, आप्पा."

भाचा हसला. "मामा, आता कुठं राहिलेत कंपोझिटर?"

आप्पांनी मान वर केली नाही. लिहीत म्हणाले, "हाय की एक. आपल्याकडं हाय."